‘अल-अय्याम’ आणि त्यात न आलेले दिवस

ताहा हुसैन यांचे ‘अल-अय्याम’ हे आत्मचरित्र आपल्याकडे वाचले जाते ते बहुधा अरबीच्या अभ्यासक्रमातून, आणि त्याची चर्चा होते ती एका अंध मुलाच्या जिद्दीची कहाणी म्हणून. गरीब घरातला, लहानपणीच दृष्टी गेलेला मुलगा शिकतो, पॅरिसला जातो, प्राध्यापक होतो, पुढे शिक्षणमंत्री होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगण्याजोगी गोष्ट आहे आणि आम्ही ती सांगितलीही आहे. परंतु हे पुस्तक पुन्हा वाचताना आम्हांस असे वाटू लागले की जिद्द हा या पुस्तकाचा वरवरचा विषय आहे. खरा विषय असा, की शिकवणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा कोणाला असते, आणि ती मुभा कोण देतो, कोण काढून घेतो. आणि गंमत अशी, की या विषयाचे जे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण, ते पुस्तकात नाहीच. ते लेखकाच्या आयुष्यात १९३२ च्या मार्च महिन्यात घडले. ‘अल-अय्याम’ तिथपर्यंत पोचत नाही. या लेखात आम्ही पुस्तक आणि ते न लिहिले गेलेले प्रकरण अशी दोन्ही शेजारी ठेवून पाहणार आहोत.

प्रथम पुस्तकाविषयी. ‘अय्याम’ म्हणजे दिवस; ‘यौम’चे अनेकवचन. उर्दू वाचणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पहिला भाग १९२६-२७ मध्ये कैरोच्या ‘अल-हिलाल’ मासिकातून क्रमशः आला आणि १९२९ साली पुस्तकरूपाने निघाला. दुसरा भाग त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आला. तिसरा १९५५ साली एका साप्ताहिकातून छापला गेला आणि पुस्तक व्हायला त्याला आणखी बराच काळ लागला. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये जवळजवळ तीस वर्षे आहेत. त्यात एक राजा गेला, दुसरा आला, तोही गेला आणि लष्कराचे राज्य सुरू झाले. पुस्तक तृतीयपुरुषी आहे. लेखक स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. ‘तो मुलगा’, ‘आपला मित्र’ असे म्हणतो. या पद्धतीने एक अंतर तयार होते आणि त्या अंतरात बारीक विनोद राहतो. आत्मचरित्रात सहसा जी स्वतःची कीव येते, ती या पुस्तकात शिरू शकलेली नाही.

पहिला भाग कुत्ताबचा आहे. कुत्ताब म्हणजे आपला मकतब. मूळ धातू एकच. तिथल्या उस्तादांना मुले ‘सय्यदना’ म्हणतात. सय्यदनांना स्वतःलाच धड दिसत नाही, पण आपल्याला दिसते असा त्यांचा आग्रह असतो. नऊ वर्षांचा होण्याआधी मुलगा कुरआन हिफ्ज करतो, घरात त्याला ‘शेख’ म्हणू लागतात, आणि मग एके दिवशी वडील पाहुण्यांसमोर त्याला सूरह शुअरा म्हणायला सांगतात. मुलाला एवढेच आठवते की ‘ता-सीन-मीम’ने सुरू होणाऱ्या सूरतींपैकी ही एक आहे. पुढचे काही आठवत नाही. ज्याने मुलांना शिकवले आहे त्याला हा प्रसंग वाचताना हसू येणार नाही. कारण लाज मुलाला वाटते तशीच सय्यदनांनाही वाटते, आणि दोघेही ती झाकायला खोटे बोलू लागतात. काही वाचकांनी या भागावर मकतबची टिंगल असा आक्षेप घेतला आहे. आम्हांस तसे दिसत नाही. टिंगल असती तर सय्यदनांच्या गरिबीबद्दल, त्यांच्या मिळकतीच्या चिंतेबद्दल इतक्या बारकाईने लिहिले गेले नसते. लेखकाचा रोख पाठांतरावरही नाही. कुरआनच्या भाषेवर तो आयुष्यभर जगला. त्याचा रोख आहे तो अशा शिक्षणावर, ज्यात शिकवणारा आणि शिकणारा दोघेही घरातल्या कर्त्या माणसाला घाबरून असतात.

दुसरा भाग अल-अझहरचा. तेराव्या वर्षी मुलगा थोरल्या भावाबरोबर कैरोला येतो. प्रवेशाच्या वेळी परीक्षक त्याला ‘आंधळ्या’ अशी हाक मारून पुढे बोलावतो आणि थोडे पठण ऐकून त्याच शब्दाने निरोप देतो. घरात हा शब्द त्याच्यासमोर कोणी उच्चारत नसे. उत्तीर्ण झाल्याचा आनंद त्या एका शब्दात विरून जातो. या भागातला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग मात्र वेगळा आहे. ताहा आणि त्याचे दोन मित्र अरबी साहित्याचा एक जुना ग्रंथ वाचत असतात. त्यात हज्जाज बिन युसुफच्या एका उद्गाराचा उल्लेख येतो, ज्यावरून फकिहांनी त्याला काफिर ठरवले. तरुण ताहा म्हणतो, हा उद्गार बेअदब आहे यात शंका नाही, पण त्याने माणूस काफिर होत नाही. बस, एवढेच. बातमी वर जाते, तिघांना बोलावले जाते आणि त्यांची नावे पटावरून कमी केल्याचे सांगितले जाते. संतापलेला ताहा एक जळजळीत लेख लिहितो आणि ‘अल-जरीदा’ या वर्तमानपत्राचे संपादक अहमद लुत्फी अल-सय्यद यांच्याकडे घेऊन जातो. लुत्फी लेख छापत नाहीत, मध्यस्थी करतात. मग कळते की नावे खरे तर कमी केलेलीच नव्हती, मुलांना धाक घालायचा होता. या लुत्फींचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या हकीकतीत तेच उभे आहेत.

तिसरा भाग जामियाचा. कैरोचे विद्यापीठ २१ डिसेंबर १९०८ रोजी सुरू झाले ते लोकवर्गणीतून, खाजगी संस्था म्हणून. पुढे राजघराण्यातील शहजादी फातिमा यांनी जमीन आणि दागिने दिले. अझहरचा कंटाळलेला विद्यार्थी संध्याकाळी या नव्या ठिकाणी व्याख्यान ऐकायला जातो आणि पहिल्याच दिवशी चकित होतो. व्याख्याते अहमद जकी यांनी उभे राहून प्रथम विद्यार्थ्यांना सलाम केला. अझहरमध्ये शेख हम्द-सलातने सुरुवात करीत आणि मग ग्रंथ व त्याची टीका सांगत. समोर बसलेल्यांना उद्देशून ते बोलत नसत. इथे एक विद्वान मुलांना सलाम करून त्यांच्याशी बोलू लागला होता. आम्ही बी.एड. करताना सूक्ष्म अध्यापनात ‘प्रश्नकौशल्या’चे पाठ घेतले आहेत. शिक्षकाने प्रश्न कसा विचारावा, किती वेळ थांबावे, उत्तर चुकले तर काय करावे, याचे गुण मिळत. विद्यार्थ्याने शिक्षकाला प्रश्न विचारावा यासाठी काय करावे, याचा पाठ आम्हांला कोणी दिला नाही. जकी यांचा तो सलाम म्हणजे तोच पाठ होता, असे हे पान वाचताना वाटते. १९१४ साली ताहा हुसैन यांना अबुल अला अल-मअर्री या अंध कवीवरील प्रबंधासाठी या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट मिळाली. पुढे फ्रान्स, सोरबाँ, इब्न खलदूनवरील दुसरा प्रबंध, विवाह, आणि १९१९ साली परत येऊन अध्यापन. परतल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळापाशी आत्मचरित्र थांबते.

१९२५ साली विद्यापीठ सरकारी झाले. पैसा आला, इमारती आल्या, आणि त्याबरोबर शिक्षणमंत्रीही आला. लुत्फी अल-सय्यद कुलगुरू झाले, ताहा हुसैन अरबी साहित्याचे प्राध्यापक. दुसऱ्याच वर्षी, १९२६ मध्ये, ‘फी अल-शिअर अल-जाहिली’ हे त्यांचे पुस्तक निघाले आणि वादळ उठले. जाहिलिया काळातली म्हणून समजली जाणारी बहुतेक कविता इस्लामनंतर, टोळ्यांच्या अभिमानापायी किंवा इतर कारणांनी रचली गेली, हे त्याचे प्रतिपादन. एवढ्यावरच थांबते तर वाद विद्वानांपुरता राहिला असता. परंतु त्यात हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल यांच्या ऐतिहासिकतेविषयी काही वाक्ये होती. तौरात आणि कुरआनातला उल्लेख इतिहासकाराला पुरावा म्हणून पुरेसा नाही, असा त्यांचा आशय. आमचे मत स्पष्ट सांगतो. ही वाक्ये आम्हांस मान्य नाहीत, आणि मूळ प्रतिपादनाला त्यांची गरजही नव्हती. कवितेच्या खरेखोटेपणाचा प्रश्न त्यांच्याशिवाय मांडता आला असता. पण ही वाक्ये न आवडणाऱ्या माणसानेच पुढची हकीकत नीट वाचली पाहिजे.

अझहरच्या उलेमांनी अहवाल दिला, एका आमदाराने फिर्याद केली, संसदेत गदारोळ झाला. पंतप्रधान अदली यकन यांनी राजीनाम्याची भाषा केली तेव्हा प्रकरण सरकारी वकिलांकडे गेले. मुहम्मद नूर या सरकारी वकिलांनी लेखकाची तपासणी केली आणि मार्च १९२७ मध्ये निर्णय दिला. त्यांनी पुस्तक ओळीओळीने वाचले होते. लेखकाच्या काही विधानांवर त्यांनी कडक ताशेरे ओढले, त्याची गृहीतके कुठे डळमळीत आहेत ते दाखवले, आणि शेवटी म्हटले की हे संशोधनाच्या ओघात लिहिले गेले आहे, गुन्ह्याचा हेतू दिसत नाही, म्हणून फाईल बंद. त्या दरम्यान पुस्तकाला उत्तरे देणारी पुस्तके धडाधड निघत होती. मुस्तफा सादिक अल-राफिई, मुहम्मद अल-खिद्र हुसैन, फरीद वजदी अशा नामवंतांनी ती लिहिली. ताहा हुसैन यांनी वादग्रस्त प्रकरण काढून, नवा मजकूर घालून १९२७ मध्ये दुसऱ्या नावाने पुस्तक पुन्हा काढले. ते प्राध्यापकपदावर राहिले, आणि १९३० साली कला शाखेचे अमीद, म्हणजे अधिष्ठाता झाले. ‘अल-अय्याम’चा पहिला भाग मासिकात येत होता तो याच वादळाच्या दिवसांत. हे लक्षात घेतले तर कुत्ताबमधला तो विसरलेला पाठ वेगळा वाटू लागतो. चारी बाजूंनी दीन-धर्माची परीक्षा घेतली जात असताना हा माणूस एका हाफिज मुलाची गोष्ट लिहीत बसला होता.

आता १९३२. जून १९३० मध्ये इस्माईल सिदकी पंतप्रधान झाले. राजा फुआदचा त्यांना पाठिंबा होता. त्यांनी १९२३ ची राज्यघटना रद्द केली, त्याच वर्षी नवी आणली, जिच्यात राजाचे अधिकार वाढले होते, आणि १९३१ मध्ये निवडणुका घेतल्या. वफ्द आणि लिबरल या दोन्ही पक्षांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे संसद होती, पण सरकारने हवी तशी केलेली. या सरकारला विद्यापीठाकडून काही हवे होते. मर्जीतल्या राजकारण्यांना मानद डॉक्टरेट द्यावी, अशी कला शाखेकडे सूचना आली. अमीद ताहा हुसैन यांनी नकार दिला. ३ मार्च १९३२ रोजी शिक्षणमंत्री हिल्मी ईसा यांनी त्यांची बदली विद्यापीठातून मंत्रालयात केली, प्राथमिक शिक्षणाच्या खात्यात. कुलगुरूंना विचारले नाही. ९ मार्चला लुत्फी अल-सय्यद यांनी राजीनामा दिला. विद्यार्थ्यांनी संप केला. संसदेत सरकारी बाकांवरून त्या सहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा विषय पुन्हा निघाला, धर्माचा अपमान झाल्याची भाषणे झाली, आणि २९ मार्चला मंत्रिमंडळाने ताहा हुसैन यांना नोकरीतूनच काढून टाकले.

पुस्तक तेच होते. उलट त्यातली आक्षेपार्ह वाक्ये पाच वर्षांपूर्वीच काढली गेली होती. सरकारी वकिलाने फाईल बंद केली होती. १९२६ साली खरोखर दुखावलेली माणसे होती. त्यांनी लिहिले, बोलले, फिर्याद केली, आणि लेखक पदावर राहिला. १९३२ साली कोणी नव्याने दुखावले नव्हते. एक पदवी नाकारली गेली होती. धर्माच्या अपमानाचा आरोप मंत्रालयाच्या कपाटात जपून ठेवला होता आणि गरज पडली तेव्हा तो धूळ झटकून बाहेर काढला गेला. आपल्या समाजात अशी प्रकरणे चर्चेला येतात तेव्हा आपण फक्त एकच प्रश्न विचारतो: त्याने लिहिले ते दीनच्या विरुद्ध होते का? प्रश्न गैर नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे, की हा आरोप आजच का निघाला आणि काल का नव्हता? ताहा हुसैन यांच्याबाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९२६ आणि १९३२ मध्ये एकच येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र थेट सिदकींच्या कचेरीत नेऊन सोडते.

इथे ताहा हुसैन यांच्या चाहत्यांशीही आमचा थोडा मतभेद आहे. १९२६ ची सुटका म्हणजे विद्यापीठाच्या स्वातंत्र्याचा विजय असे ते सांगतात. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. ताहा हुसैन त्या वेळी लिबरल कॉन्स्टिट्यूशनल पक्षाच्या वर्तुळातले होते, त्यांच्या ‘अल-सियासा’ पत्रात लिहीत होते. त्यांच्यावर तुटून पडलेल्यांत त्या पक्षाचे प्रतिस्पर्धी वफ्दवाले पुढे होते, आणि पंतप्रधान होते लिबरलांना जवळचे अदली. कुलगुरू जुने हितचिंतक. म्हणजे त्यांना वाचवले ते ओळखीने, लोभाने आणि आघाडी सरकारच्या गणिताने. कायद्यात प्राध्यापकाला संरक्षण देणारे काही नव्हते. म्हणूनच गणित बदलताच एका बदलीच्या हुकमाने सगळे संपले. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांत काम केलेल्या कोणालाही हे नवे नाही. साहेब चांगला असतो तोवर आपण स्वतःला स्वतंत्र समजतो.

हे लुत्फी अल-सय्यद यांच्या लक्षात आले, आणि आमच्या मते या संपूर्ण हकीकतीतला सर्वांत शहाणा माणूस तोच. अ‍ॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र अरबीत आणणारा हा गृहस्थ मोठ्या आवाजाचा नव्हता. तरुण ताहाचा लेख त्याने छापला नव्हता हे आपण पाहिलेच. राजीनामा देताना त्याने ताहा हुसैन यांच्या मतांचे समर्थन केले नाही. आक्षेप एवढाच घेतला की विद्यापीठाला न विचारता विद्यापीठातला माणूस हलवला गेला. सिदकींचे सरकार गेल्यावर, १९३५ साली, त्याला पुन्हा कुलगुरुपदी बोलावले, तेव्हा त्याने अट घातली: विद्यापीठ मंडळाच्या संमतीवाचून कोणाही प्राध्यापकाची बदली होऊ नये, असे कायद्यात लिहा. ताहा हुसैन त्याआधीच परतले होते, १९३६ ला पुन्हा अमीद झाले. पण तोवर लोकांनी त्यांना वेगळीच उपाधी दिली होती, ‘अमीद अल-अदब अल-अरबी’, अरबी साहित्याचे अधिष्ठाता. ती कोणत्याच मंत्र्याला परत घेता आली नाही.

मग हे सगळे ‘अल-अय्याम’मध्ये का नाही? तिसरा भाग १९५५ साली छापला जात होता. लेखक त्या वेळी शिक्षणमंत्रीपद भूषवून मोकळा झालेला, शिक्षण हे हवा-पाण्यासारखे असले पाहिजे या घोषणेमुळे घरोघर माहीत झालेला होता. १९३२ चे सिदकी किंवा हिल्मी ईसा यांच्यापासून त्याला आता भय नव्हते. पण आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९५४ मध्ये, नव्या लष्करी राजवटीने विद्यापीठातील कितीतरी अध्यापकांना एकदम काढून टाकले होते. इंग्रजीचे प्राध्यापक व टीकाकार लुई अवद त्यांत होते. अशा वेळी १९३२ ची गोष्ट छापणे म्हणजे आजची गोष्ट छापणे झाले असते. कारण तेच होते असे आम्ही ठामपणे म्हणत नाही. आत्मचरित्र कुठे थांबवायचे हा लेखकाचा अधिकार आहे. परंतु वाङ्मयीन दृष्टीने तोटा झाला हे म्हणावेच लागेल. तिसऱ्या भागात पॅरिसची पाने सुंदर आहेत, पत्नी सुझान यांच्याविषयीचा मजकूर हृद्य आहे, पण पहिल्या दोन भागांत जो ताण आहे, प्रश्न विचारणारा मुलगा आणि त्याला गप्प करणारी माणसे यांच्यातला, तो इथे सैल होतो. मुलगा जिंकला असे वाटून आपण पुस्तक मिटतो. प्रत्यक्षात त्याची खरी लढत अजून व्हायची होती.

एक गोष्ट मात्र याच विद्यापीठात घडली, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. नासिरुद्दीन अल-असद नावाचा जॉर्डनचा तरुण कैरो विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आला आणि त्याने विषय घेतला जाहिली कवितेची साधने. लिहिण्याची कला त्या काळी किती होती, कविता कशा जपल्या गेल्या, रावी कोण, कोणाचे कथन विश्वासार्ह, याचा त्याने तपशीलवार छडा लावला. १९५६ साली ते पुस्तक निघाले. ताहा हुसैन यांच्या प्रतिपादनाला मिळालेले सर्वांत भक्कम उत्तर म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. तीस वर्षे लागली, पण उत्तर त्याच संस्थेतून आले, पदवीच्या मानाने आले, आणि कोणाला नोकरीवरून न काढता आले. इब्राहीम-इस्माईल यांच्याविषयीच्या त्या वाक्यांनी ज्यांची मने दुखावली होती, त्यांची खरी बाजू सिदकींच्या संसदेने मांडली की अल-असदच्या प्रबंधाने, हे वाचकांनीच ठरवावे.

आतापर्यंत आम्ही सरकारकडे बोट दाखवले. पण संस्थेची भिंत आतूनही पोखरली जाते, आणि तीही याच विद्यापीठात. नस्र हामिद अबू जैद हे कैरो विद्यापीठाच्या अरबी विभागातले अध्यापक. तेही बालपणी हाफिज झालेले. १९९२ साली त्यांनी प्रोफेसरपदासाठी अर्ज केला. त्यांच्या लेखनावर तीन अहवाल आले, दोन अनुकूल, एक प्रतिकूल. प्रतिकूल अहवाल अब्दुस्सबूर शाहीन या प्राध्यापकांचा होता, जे अम्र बिन अल-आस मशिदीत खुत्बाही देत. समितीने ७ विरुद्ध ६ मतांनी प्रतिकूल अहवाल उचलून धरला. १९९३ मध्ये पदोन्नती नाकारली गेली, आणि नंतर विषय मिंबरवर गेला. तिथून तो कोर्टात. काही वकिलांनी मागणी केली की हा माणूस मुरतद आहे, म्हणून त्याचा निकाह मोडावा. पहिल्या कोर्टाने दावा फेटाळला. जून १९९५ मध्ये अपील कोर्टाने मान्य केला. ऑगस्ट १९९६ मध्ये सर्वोच्च पातळीवर तो कायम झाला. मधल्या काळात विद्यापीठाने त्यांना प्रोफेसर केलेही होते, पण पोलीस पहाऱ्यात शिकवणार किती दिवस? पती-पत्नी देश सोडून गेले. पत्नी इब्तिहाल युनूस स्वतः त्याच विद्यापीठात फ्रेंच साहित्याच्या प्राध्यापक होत्या. अबू जैद हॉलंडमध्ये लायडनला शिकवत राहिले आणि जुलै २०१० मध्ये कैरोत वारले.

या प्रकरणात मंत्र्याचा हुकूम नव्हता. लुत्फींची १९३५ ची अट इथे काही कामाची नव्हती, कारण बदली कोणी केलीच नव्हती. विद्वानांच्या समितीत एका विद्वानाने दुसऱ्याचा ग्रंथ न तपासता त्याचा ईमान तपासला, आणि बहुमत त्याच्या बाजूने गेले. ग्रंथ चुकीचा आहे असे वाटत असेल तर ते सिद्ध करायला अल-असदसारखी वर्षे घालवावी लागतात. मतदानाला एक दुपार पुरते. सरकार यात बघ्याच्या भूमिकेत राहिले. धर्माचे रक्षक कोण, या स्पर्धेत त्याला मागे पडायचे नव्हते.

लुत्फी मात्र विस्मरणात गेले नाहीत. २००३ च्या सुमारास कैरो विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी विद्यापीठांच्या स्वायत्ततेसाठी एक गट काढला आणि त्याला नाव दिले ‘९ मार्च’. राजीनाम्याची तारीख. डॉ. मुहम्मद अबुल-गार हे त्यातले प्रमुख. या मंडळींनी मोर्च्यांपेक्षा कोर्टावर भर दिला. गृहखात्याचे पोलीस विद्यापीठाच्या आवारात कायमचे ठाण मांडून बसतात हे बेकायदा आहे, असा दावा लावला, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पोलिसांनी बाहेर जावे असा निकाल दिला. तीन महिन्यांत क्रांती झाली. त्यानंतर काही काळ अमीद आणि कुलगुरू निवडून येऊ लागले. जून २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सीसी यांनी कायदा बदलून या नेमणुका पुन्हा स्वतःकडे घेतल्या. २०१६ च्या जानेवारीत केंब्रिजचा एक संशोधक, ज्युलिओ रेजेनी, स्वतंत्र कामगार संघटनांचा अभ्यास करीत असताना कैरोत बेपत्ता झाला आणि ३ फेब्रुवारीला त्याचे छळाच्या खुणा असलेले प्रेत मिळाले. १९३२ मध्ये सरकारने अभ्यासकाला घरी पाठवले होते.

‘अल-अय्याम’ वाचू इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. ज्यांना अरबी येते त्यांनी मूळच वाचावे. ताहा हुसैन मजकूर सांगत आणि दुसरा लिहून घेई, त्यामुळे त्या गद्यात बोलण्याची लय आहे, वाक्ये पुन्हा पुन्हा वळून त्याच शब्दावर येतात. इंग्रजीत तीन भागांचे तीन वेगळे अनुवादक आहेत: पॅक्स्टन, वेमेंट आणि केनेथ क्रॅग. पॅक्स्टनचा अनुवाद १९३२ चा, म्हणजे लेखक घरी बसला होता त्याच वर्षीचा. तिघांचा सूर वेगळा असल्याने एकच माणूस बोलतो आहे असे इंग्रजीत वाटत नाही, हा दोष धरून चालावे. दुसऱ्या भागात अझहरच्या वसतिस्थानातील शेजाऱ्यांची व्यक्तिचित्रे लांबली आहेत. घाई असेल तर ती मागे ठेवावीत. हज्जाजचा प्रसंग मात्र सोडू नये. आणि तिसऱ्या भागाचे पहिले प्रकरण, जिथे व्याख्याता विद्यार्थ्यांना सलाम करतो, ते कोणत्याही शिक्षकाने वर्ग सुरू करण्याआधी एकदा वाचावे असे आहे.